नवसाबाईचा दुसरा खड्डा

हरसूलच्या पुढं, जिथं डांबरी रस्ता हात टेकतो आणि पायवाट सुरू होते, तिथल्या एका पाड्यावर नवसाबाई राहते. तिला तुम्ही ओळखत नसाल. ओळखायचं तसं कारणही नाही. तिचा फोटो कधी पेपरात आला नाही, ती कधी निवडणुकीला उभी राहिली नाही, आणि चार लोकांसमोर बोलायची वेळ आली तर ती तोंडाला पदर लावून हसत खाली बसेल. पण हरसूलच्या बाजारात ती मिरच्या घेत असताना तिच्या शेजारी उभं राहून बघा. मिरचीवाल्याला घाम फुटतो. "नवसानं झालेली पोर हाय मी," ती त्याला बजावते, "मला कमी देशील तं देवाला जाब द्यावा लागंल." मिरचीवाला मूठभर जास्त टाकतो. देवाच्या भीतीनं टाकतो की तिच्या, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आज तिच्या वावरात आंबे आहेत. डोंगराच्या उतारावर, बांधाबांधानं लावलेली कलमं आता चांगली डोक्यावर गेलीत. कुणी कौतुक केलं तर नवसाबाई ते स्वतःकडे ठेवून घेत नाही. थोडं एका मनमाडच्या बाईंना देते, थोडं एका पोट सुटलेल्या साहेबांना देते, आणि उरलेलं सगळं देते आपल्या सासूला, अंबूबाईला. गंमत अशी, की सगळा घोळ आधी घातला होता तो अंबूबाईनंच.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्या काळी नवसाबाई आणि तिचा नवरा वाळू दर दिवाळीनंतर पाडा सोडायचे. नागली, म्हणजे नाचणी, कापून, झोडून कणगीत पडली की डोंगरावर हाताला काम उरत नसे. खाली दिंडोरीकडं मात्र द्राक्षबागांना माणसं कमी पडायची. मुकादमाचा टेम्पो पाड्याखाली येऊन हॉर्न वाजवायचा आणि लोक गाठोडी घेऊन उतरायचे. मग बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली थंडी काढायची, दिवसभर जादा मणी काढून घड विरळायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे, आणि शिमग्याला परत यायचं. लेक दीपमाला बरोबर असायची. मागं राहायची ती एकटी अंबूबाई.

अंबूबाईची नजर गेल्यातच जमा होती. उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढं कळायचं. माणूस आवाजावरून ओळखायची. टेम्पोच्या फळीवर चढायला तिचे गुडघे तयार नव्हते, आणि मन तर त्याहून नव्हतं. "मी हितली हाय. तितली माती मला वळखत नाय," एवढंच म्हणायची. शेजारची लंकाबाई दिवसातून एकदा डोकावायची, तेवढाच काय तो आधार.

एका शिमग्याला नवसाबाई परत आली तेव्हा म्हातारीच्या कपाळावर वण होता. पडले होते, म्हणाली. कधी? थंडीत कधीतरी. मग लंकाबाईला हाक का नाही मारली? मारली होती, पण वारा लय होता, म्हणाली. हे सांगताना म्हातारी नागली पाखडत होती आणि तिचा हातसुद्धा थांबला नाही.

नवसाबाईच्या काळजात मात्र ते रुतून बसलं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. अंबूबाईनं तिला हाताला धरून शिकवलं, तिच्या करपलेल्या भाकऱ्या स्वतःच्या पानात घेतल्या, आणि दीपमालाच्या वेळी सुईण पोचेपर्यंत तिची कंबर दाबत बसली. अशा बाईला आपण दर वर्षी एखाद्या जुन्या कुलपासारखं दाराशी ठेवून जातो, ही गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख दिसली. रात्री तिनं वाळूला सांगून टाकलं, "म्होरल्या थंडीला मी आयेला एकटी टाकणार नाय."

वाळू भला माणूस, पण बोलायला आळशी. त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मंग खायाचं काय?"

प्रश्न खोटा नव्हता. त्यावर उत्तर आलं ते त्याच उन्हाळ्यात, ग्रामसेवकाच्या तोंडून. सरकारची फळबागेची योजना होती. ज्याच्या वावरात पुरेशी माती, त्याला आंब्याची कलमं मिळणार. वर खड्डे खणायची, पाणी घालायची, गुराढोरांपासून राखण करायची मजुरी काही वर्षं मिळणार, आणि हे सगळं स्वतःच्याच वावरात. "फक्त त्याआधी नाशिकहून मातीवाल्या बाई येतील," ग्रामसेवक म्हणाला. "त्या मातीची खोली मोजतील. तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या वावरात एक खड्डा खणून ठेवा." त्याच्या हातातल्या कागदात लिहिलं होतं, की शेतात खड्डा घ्यावा, पृष्ठभागापासून कठीण थरापर्यंत खोली मोजावी, आणि ती अर्ध्या मीटरहून कमी भरली तर जमीन हलकी समजून योजनेतून वगळावी.

खड्डा शेतात नेमका कुठं घ्यायचा, हे कागदात नव्हतं. ज्यानं लिहिलं त्याला वाटलं असेल, हे काय सांगायचं? शेताचा खड्डा शेताच्या मध्यावर, जिथं पीक येतं तिथं. आणि पाड्यावरच्या लोकांनाही वाटलं, हे काय विचारायचं? ज्याला त्याला माहीतच आहे.

पण पाड्यावर जे माहीत होतं ते अगदी उलटं होतं. डोंगरावर माती म्हणजे चैन नव्हे. दर पावसाळ्यात ती थोडी खाली वाहून जाते, आणि दर उन्हाळ्यात बाया ती बांधाखालून पाट्यांनी उचलून परत वर नेतात. आयुष्यभर जी माती डोक्यावरून वाहिली, तिला मधोमध भोक कोण पाडेल? मेढ रोवायची असो की मेलेलं जनावर पुरायचं असो, खड्डा खणायचा तो वावराच्या कडेला, खडकाळ कोपऱ्यात, जिथं काही उगवत नाही. अंबूबाईनं वाळूला तेच सांगितलं. "चांगल्या मातीला हात लावू नको. तिकडं खडकाकडं खण." वाळूनं पहार घेतली, खडकाकडं गेला, आणि हाताला फोड येईपर्यंत खणलं. पाड्यावरच्या सगळ्यांनी असंच केलं. सरकारनं खड्डा मागितला होता, आणि तो द्यायला कुणी कसूर केली नाही.

अंबूबाईचं समाधान तेवढ्यानं झालं नाही. पाहुणी नाशिकहून येणार, आणि तिला काय उकरलेला, ओबडधोबड खड्डा दाखवायचा? तिनं सुनेकडून शेण कालवून घेतलं आणि खड्ड्याच्या भिंती चापूनचोपून सारवल्या. काठावर तांदळाच्या पिठाची रेघ ओढून घेतली. नवसाबाईलाही ते बरोबरच वाटलं. लग्नाघरी भिंत सारवतात, मग सरकारी कामाला का नको?

मातीवाल्या बाईंचं नाव सरिता. मनमाडच्या, वडील रेल्वेत. नाशिकच्या कचेरीत लागून थोडेच दिवस झालेले, त्यामुळं काम जीव लावून करायच्या. त्या जीपमधून उतरून, भर उन्हात चढ चढून आल्या आणि तो सारवलेला, पिठानं सजवलेला खड्डा बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या. कॉलेजात त्यांना पुष्कळ तऱ्हेचे खड्डे शिकवले होते, पण हा प्रकार त्यात नव्हता.

"आजी, फार सुंदर केलंय," त्या अडखळत म्हणाल्या. "पण मला मातीचे थर बघायचेत. भिंत खरवडावी लागेल."

"का? शेण पातळ झालं का?" अंबूबाईनं विचारलं.

सरिताबाईंनी समजूत घालत, जपून जपून एक पट्टा खरवडला. आत बघायला फारसं नव्हतंच. वीतभर माती आणि खाली काळा खडक. टेप टेकवायलासुद्धा लाज वाटावी. उन्हाळ्यात पीक नसलं की तो सगळा डोंगर सारखाच दिसतो. कुणाचं वावर कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे ज्याचं त्यालाच कळतं. खड्डा शेताच्या कडेचा आहे, हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. पाड्यावरचे सगळे खड्डे असेच निघाले. त्यांनी कोरा चहा घेतला, अंबूबाईच्या पाया पडल्या आणि जड मनानं उतरून गेल्या.

पावसाच्या तोंडावर ग्रामसेवकानं निरोप आणला. अख्ख्या पाड्याची जमीन हलकी. कलमं नाहीत.

नवसाबाई त्या दिवशी ग्रामसेवकाला असं काही बोलली, की तो बिचारा पुढं बरेच दिवस पाड्याची वाट चुकवून जात होता. पण कुणाच्या डोक्यात खड्ड्याची जागा आली नाही. कशी येणार? खड्डा चांगला झाला होता, बाईंनी स्वतः सुंदर म्हटलं होतं. सरकारच्या मनात द्यायचंच नव्हतं, असं ठरवून लोक कामाला लागले. दिवाळी झाली, टेम्पो वाजला. नवसाबाई अंबूबाईच्या पायाशी बसून गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिली. "जा, जा," म्हातारी म्हणाली, "जागा चांगली धर, नायतर मागं बसशील अन् उलट्या करशील."

त्या थंडीत नवसाबाईचं बागेत लक्ष लागलं नाही. घड विरळताना मणी हातातून निसटायचे, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी ती मान वर करून डोंगराकडं बघायची. दिंडोरीच्या त्या बागेत वेली पिवळ्या पडत होत्या म्हणून मालकानं माती तपासायला कचेरीतून माणूस बोलावलं होतं. आणि एक दिवस वेलींच्या रांगेतून पिशवी खांद्याला लावून आल्या त्या सरिताबाईच.

त्यांनीच आधी ओळखलं. "तुम्ही त्या सारवलेल्या खड्ड्याच्या ना? आजी कशा आहेत?"

हा प्रश्न विचारायला नको होता. नवसाबाईचा इतके दिवसांचा राग आणि काळजी एकदमच बाहेर आली. "आजी कशा असतील? एकल्या हाईत. तुमी आमची माती हलकी ठरवली, मंग आमाला हितं यावंच लागतं. बाई, माज्या वावरात नागली कमरेला लागती. हलक्या मातीत लागंल का?"

"पण मी स्वतः मोजलंय ना. वीतभर तर होती."

"तितं वीतभरच असणार. खडक हाय तितं."

सरिताबाई थांबल्या. "म्हणजे? बाकीचं शेत तसं नाही?"

"बाकीचं कसं आसंल? बाकीच्यात आमी पेरतो."

"मग खड्डा तिथं का खणला?"

नवसाबाईला हा प्रश्नच कळेना. शिकलेल्या बाईनं असं विचारावं याचं तिला नवलच वाटलं. "मंग कुटं खणायचा? पेरायच्या जागंत? चांगली माती कोण उकरतं, बाई?"

सरिताबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बांधावर बसल्या. अख्खा पाडा. प्रत्येकानं मन लावून आपल्या वावरातली सगळ्यात नापीक जागा शोधून दिली होती, आणि त्यांनी ती मन लावून मोजली होती. आधी त्यांना हसू आलं, मग त्यांचे डोळे भरले, आणि ते बघून नवसाबाईलाही काय झालं ते उमगलं. "आता?" नवसाबाईनं विचारलं. बाई म्हणाल्या, "आता मी साहेबांशी भांडते."

साहेब म्हणजे हिरामण देवरे. सटाण्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, निवृत्तीला आलेले. पोट पुढं आणि चष्मा त्याहून पुढं. भांडायची वेळ आलीच नाही, हे सरिताबाईंनी नवसाबाईला पुढं कितीदा तरी हसत हसत सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कागद मागवला, दोनदा वाचला आणि घरच्या बोलीत पुटपुटले, "कागदवर जागा लिखेलच नही शे." मग चष्मा पुसत म्हणाले, की जागा लिहिली नाही याचा अर्थ दुसऱ्या जागी खणायला बंदी नाही. शिमग्याला लोक परत आले की पुन्हा मोजू, मी स्वतः येतो.

निरोप बागेतच मिळाला, आणि शिमग्याला नवसाबाई उड्या मारतच घरी आली. आणि अंबूबाईनं एका शब्दात तिला जमिनीवर आणलं. म्हणाली, "नाय."

वावराच्या मधोमध खड्डा म्हणजे म्हातारीच्या दृष्टीनं पोटावर घाव. तिच्या सासूनं ती माती वाहिली होती, तिनं वाहिली होती, तिच्या दोन मुलांना तिनं त्याच मातीवर भरवलं होतं, त्यातला एक गेला तेव्हा त्याच्यासाठीही वावराच्या मध्यावर खणलं नाही, त्याला कडेलाच नेलं. वाळूनं समजावलं, लंकाबाईनं समजावलं. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली. साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते.

संध्याकाळी नवसाबाई तिच्यापाशी जाऊन बसली. इतके दिवस तिनं सासूला आंब्याचं सांगितलं होतं, मजुरीचं सांगितलं होतं. खरं कारण सांगितलं नव्हतं. आपल्यामुळं पोरांची रोजी बुडते असं म्हातारीला वाटायला नको, म्हणून गप्प राहिली होती. आता मात्र तिला राहवलं नाही.

"आये, मला आंबे नाय पायजेत," ती म्हणाली. "मला तुला सोडून जायाचं नाय. बागंत माजा जीव लागत नाय. वारा सुटला का मला वाटतं तू हाक मारतीस अन् मला ऐकू येत नाय."

अंबूबाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं. तिनं हात पुढं करून सुनेचं तोंड चाचपलं, गाल ओले लागले तसा हात मागं घेतला, आणि पदराच्या टोकानं तिचे गाल पुसले. सकाळी काठी घेऊन तीच आधी दारात उभी. "चल," म्हणाली, "जागा मी दावते."

सुनेचा खांदा धरून ती वावराच्या मध्यावर गेली. पायानं चाचपून जागा ठरवली, तिथं चिमूटभर नागली आणि एक पळसाचं फूल ठेवलं, आणि खाली वाकून मातीला म्हणाली, "बाय, तुला उघडी करतात. थोडा येळ हाय. राग धरू नको, परत झाकून टाकतील." साहेबांबरोबर आलेल्या सरिताबाई शेजारी हात जोडून उभ्या होत्या. अंबूबाईची एकच अट होती: निघालेली माती जशी निघाली तशीच परत गेली पाहिजे, वरची वर आणि खालची खाली. बाईंनी लगेच गोणपाटं अंथरायला लावली आणि प्रत्येक थर वेगळा काढला. त्यांच्याही कामाला ते सोयीचंच होतं.

वाळूनं खणायला घेतलं. पहार नव्हे, नुसती कुदळ पुरत होती. काळसर, भुसभुशीत माती निघत गेली. पहिल्या खड्ड्याशी तिची तुलनाच नको. नवसाबाई काठावर उकिडवी बसून बघत होती आणि तिच्या ओठांवर हसू येत होतं. मग कुदळीचा आवाज बदलला. माती संपून पिवळसर मुरूम लागला होता. सरिताबाईंनी टेप सोडली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किती?" देवरे साहेबांनी विचारलं.

"अर्ध्या मीटरला थोडी कमी, साहेब. चार बोटं कमी पडतात."

चार बोटं. नवसाबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. एवढ्यासाठी पुन्हा टेम्पो, पुन्हा प्लास्टिकचा कागद, पुन्हा ती म्हातारी आणि तो वारा. अंबूबाई काठी टेकत काठाजवळ सरकली आणि "काय झालं?" म्हणून विचारत राहिली.

सरिताबाई कागद काढून उभ्या होत्या. "साहेब, यात लिहिलंय कठीण थरापर्यंत. खडक कठीण, हे ठीक. पण मुरुमाला कठीण म्हणायचं की नाही, ते कुठंच सांगितलेलं नाही. मुरमाशी थांबलो तर हे शेत बाहेर. खडकाशी थांबलो तर आत."

"दुसरीकडे काय करतात?"

"काही जण मुरमाशी थांबतात, काही खाली जातात. ज्याला जसं वाटेल तसं."

देवरे साहेब खड्ड्याच्या काठाशी आले. मग चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि पोट सांभाळत खड्ड्यात उतरले. कुदळ मागून घेतली आणि मुरमावर हलकेच मारली. मुरूम ढेकळासारखा सुटला. आणखी थोडा काढला, तोही सुटला. सरिताबाई वरून वाकून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "साहेब, थांबा. ते काय आहे?"

मुरमातून एक मूळ खाली गेलं होतं, बोटाएवढं जाड, तांबूस. साहेबांनी हातानं मुरूम बाजूला करत त्याचा माग काढला. वरच्या बाजूला ते बांधाकडं गेलं होतं, जिथं वाळूच्या आजोबाच्या वेळचा रायवळ आंबा उभा होता. खालच्या बाजूला ते मुरमात शिरत, वळणं घेत, हाताला लागेनासं होईपर्यंत गेलं होतं. साहेबांनी मुळाची साल नखानं खरवडली, वास घेतला आणि मान डोलावली.

"लावायचा काय आहे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"आंबा," सरिताबाई म्हणाल्या.

"मग आंब्याचं मूळ जिथं थांबतं, तिथं टेप थांबवायची. आंब्याला हा थर कठीण वाटला नाही, मग आपण कोण ठरवणारे? लिहा. मुरूम धरून मोजलं, कारण त्यात आंब्याची मुळं आढळली. खाली माझी सही. कुणी विचारलं तर मी उत्तर देईन."

मग त्यांनी बाहेर यायला हात वर केला, आणि काही केल्या त्यांना बाहेर येता येईना. वाळूनं आणि शेजारच्या लहानूनं मिळून त्यांना ओढून काढलं. शर्टाचं एक बटण तुटून खड्ड्यात पडलं. माती परत भरताना अंबूबाईनं ते शोधू दिलं नाही. राहू दे म्हणाली, साहेबाची खूण.

पाड्यावरची बहुतेक वावरं त्या फेरीत बसली. लहानूचं बसलं नाही. वरच्या अंगाला होतं, आणि मध्यावर खणूनही तिथं खडकच लागला. साहेबांनी त्याला तसं तोंडावर सांगितलं. लहानूही खोटं बोलणारा नव्हता. "माजं हायच तसं," म्हणाला, आणि दुसऱ्यांच्या वावरात कलमांचे खड्डे खणायला आला.

तेव्हापासून नवसाबाई या माणसांचं नाव घेतल्याशिवाय आंब्याला हात लावत नाही. आंबे धरायला लागले त्या पहिल्या वर्षी ती पाटीभर आंबे घेऊन एसटीनं नाशिकला गेली. देवरे साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते, सरिताबाईंची बदली झाली होती. शिपायानं पाटी ठेवून घेतली, पोचवतो म्हणाला. पोचले की नाही कोण जाणे. वाळू म्हणाला, त्यानंच खाल्ले असतील. "खाईना का," नवसाबाई म्हणाली, "त्या कचेरीतल्या माणसाच्या पोटात गेले नं?" दुसऱ्या वर्षी मात्र तिनं पत्ता काढला आणि थेट मनमाडला जाऊन बाईंच्या हातात पाटी दिली. सरिताबाईंनी तिला घरात नेऊन जेवायला वाढलं, आणि दोघी खूप वेळ सारवलेल्या खड्ड्याची आठवण काढून हसल्या.

पण तुम्ही तिला विचारलंत, की बाई, तुम्हाला सगळ्यात जास्त आनंद कधी झाला, तर ती आंब्यांचं सांगत नाही. कलमं लावली त्या पहिल्या दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळचं सांगते.

त्या दिवशी दुपारी टेम्पो आला, वाजला आणि लहानूच्या घरच्यांना आणि आणखी दोघातिघांना घेऊन गेला. नवसाबाई तेव्हा खालच्या ओहोळावरून हंड्यानं पाणी आणून रोपांना घालत होती. हॉर्न ऐकून तिच्या पायांनी सवयीनं दोन पावलं टाकली, मग ती स्वतःशीच हसली आणि पुन्हा पाण्याला गेली. वाळू आणि दीपमाला कुंपणाला काटे लावत होते. उन्हं कलल्यावर ती एकटीच घरी आली, तर दारात अंबूबाई गुडघ्यावर बसून, चाचपत, खांबाला दोरी बांधत होती. दोरीचं एक टोक तिच्या अंथरुणापाशी होतं. तिथून ती दारापर्यंत, दारातून पाण्याच्या माठापर्यंत आणि तिथून लाकडाच्या ढिगापर्यंत नेलेली होती.

"आये, काय करतीस?"

म्हातारी दचकली. "कोण? नवसा? टेम्पो गेला नं?"

"गेला."

"मंग तू हितं कशी?"

"तुला सांगितलं व्हतं. औंदा आमी जाणार नाय."

"सांगितलं व्हतं," अंबूबाई म्हणाली. "माणूस सांगतं. टेम्पो वाजला का जातं."

नवसाबाईनं डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवला. "अन् ही दोरी?"

"दर साली बांधते, तुमी गेल्यावर. हिला धरून पाण्याकडं जाते, लाकडाकडं जाते."

"मी कदी बघितली नाय ती."

"शिमगा आला का सोडून ठेवते. तुमाला दिसली आसती तं तुमी जीवाला लावून घेतलं आसतं. मंग जायाला पाय निघाला नसता."

नवसाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली. अंबूबाई तिला रडू नको म्हणाली नाही. रडून झाल्यावर सुनेनं एकेक गाठ सोडायला घेतली. म्हातारीच्या गाठी पक्क्या होत्या, दातानं ओढाव्या लागल्या. शेवटची सुटली तेव्हा अंधार पडला होता.

"मला तहान लागली," अंबूबाई म्हणाली. नवसाबाई पाणी आणायला उठली, तर म्हातारीनं तिला थांबवलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी मिळून माठापर्यंत गेल्या.